डिस्कव्हरी : जेम्सटाऊन तगवणारे वीस टनांचे गलबत

उत्तर अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकून राहिलेली वसाहत म्हणजे जेम्सटाऊन. आजच्या व्हर्जिनिया राज्यातील या ठिकाणी १६०७ च्या मे महिन्यात तीन जहाजे येऊन लागली. 'सुसान कॉन्स्टंट' १२० टनांचे होते, 'गॉडस्पीड' ४० टनांचे, तर 'डिस्कव्हरी' अवघे २० टनांचे. शालेय पुस्तकांत आणि स्मारकांवर या तिघांची नावे नेहमी याच क्रमाने येतात. मात्र पहिली दोन जहाजे जेमतेम साडेपाच आठवडे थांबून मायदेशी परतली. अनोळखी किनाऱ्यावर उतरलेल्या शंभरावर माणसांसाठी मागे राहिले ते सर्वांत लहान 'डिस्कव्हरी'. पुढील तीन वर्षे या वसाहतीचे धान्य आणि वेळप्रसंगी पळून जाण्याची वाट, या दोन्ही गोष्टी त्या गलबताशी निगडित होत्या. म्हणूनच त्याच्यावर ताबा कोणाचा, हा प्रश्न जेम्सटाऊनमध्ये पुन:पुन्हा जीवन-मरणाचा ठरला.

पिनास म्हणजे काय?

'डिस्कव्हरी' ज्या वर्गातील होते त्याला इंग्रज खलाशी 'पिनास' म्हणत. मोठ्या जहाजाच्या सोबतीने जाणारे, शिडांवर चालणारे, गरज पडल्यास वल्हवता येणारे आणि उथळ पाण्यात शिरू शकणारे हे लहान जहाज असे. आपल्याकडे कोकणच्या खाड्यांत गलबते आणि मचवे जी कामे करीत, त्याच स्वरूपाची कामे पिनासकडे असत. नदीच्या मुखाशी पाण्याची खोली तपासणे, निरोप पोहोचवणे, किनाऱ्यावरील वस्त्यांशी व्यापार करणे आणि मोठ्या जहाजाला जाता येणार नाही तेथे माणसे उतरवणे ही ती कामे. पिनासहून लहान असे 'शॅलप'. ही उघडी होडी सुट्या भागांत बरोबर आणून किनाऱ्यावर जोडता येत असे. जेम्सटाऊनच्या मंडळींनीही असे एक शॅलप बरोबर आणले होते. पिनास मात्र महासागर ओलांडण्याइतके सक्षम असे, आणि हाच फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

येथे 'टन' या मापाचा अर्थही समजून घ्यावा लागतो. त्या काळी जहाजाचे टन हे वजन नव्हते, ती त्याची माल सामावून घेण्याची क्षमता होती. मद्याच्या मोठ्या पिंपाला 'टन' म्हणत आणि अशा एका पिंपात सुमारे साडेनऊशे लिटर मद्य मावत असे. वीस टनांचे जहाज म्हणजे अशी वीस पिंपे वाहून नेऊ शकणारे जहाज. आजच्या एका मोठ्या मालमोटारीत मावेल साधारण तेवढाच हा माल. एवढ्याशा जागेत सुमारे एकवीस माणसे, त्यांचे अन्न, पाणी, हत्यारे आणि सामानसुमान घेऊन 'डिस्कव्हरी' अटलांटिक महासागर पार करून गेले.

कंपनीची योजना

या मोहिमेमागे राजाचा खजिना नव्हता, भागधारकांचे भांडवल होते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १० एप्रिल १६०६ रोजी दिलेल्या सनदेनुसार व्हर्जिनिया कंपनी स्थापन झाली. तिच्या दोन शाखांपैकी लंडनच्या शाखेने दक्षिणेकडील, तर प्लिमथच्या शाखेने उत्तरेकडील किनाऱ्यावर वसाहत करावी असे ठरले. लंडनच्या शाखेचा कारभार पाहणारे सर थॉमस स्माइथ हे ईस्ट इंडिया कंपनीचेही गव्हर्नर होते. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी आणि व्हर्जिनिया कंपनी यांच्यामागे लंडनमधील बऱ्याच अंशी एकाच वर्तुळातील व्यापारी होते. पूर्वेकडे मसाले आणि पश्चिमेकडे सोने अथवा आशियाकडे जाणारा जलमार्ग, असा त्यांचा हिशेब होता.

ताफ्याचे नेतृत्व ख्रिस्तोफर न्यूपोर्टकडे देण्यात आले. वेस्ट इंडिजच्या समुद्रात स्पॅनिश जहाजे लुटण्याच्या मोहिमांत एक हात गमावलेला हा खलाशी त्या पाण्याचा चांगला माहितगार होता. 'गॉडस्पीड'चा कप्तान बार्थोलोम्यू गॉस्नोल्ड १६०२ मध्ये न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर जाऊन आलेला होता. 'केप कॉड' हे नाव त्याच्याच सफरीत पडले. 'डिस्कव्हरी'चा कप्तान जॉन रॅटक्लिफ याच्याविषयी मात्र सोबत्यांना फारशी माहिती नव्हती. त्याचे एक नाव सिकलमोर असल्याचे पुढे उघड झाले आणि त्यातून एका खटल्यात पेच उभा राहिला.

अठरा आठवड्यांचा प्रवास

तिन्ही जहाजांनी २० डिसेंबर १६०६ रोजी लंडन सोडले. या लेखातील त्या काळच्या तारखा इंग्लंडमध्ये तेव्हा प्रचलित असलेल्या जुन्या दिनदर्शिकेनुसार आहेत. आजच्या दिनदर्शिकेच्या तुलनेत त्या दहा दिवस मागे पडतात. निघताच प्रतिकूल वाऱ्याने ताफ्याला अडवले आणि सुमारे सहा आठवडे जहाजे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच अडकून पडली. त्या काळात बरोबरच्या शिधासामग्रीला मोठीच गळती लागली. पुढे कॅनरी बेटे आणि वेस्ट इंडिजमधील डॉमिनिका, ग्वादलूप, नेव्हिस, मोना अशी बेटे घेत ताफा उत्तरेकडे वळला. कटाच्या संशयावरून जॉन स्मिथ या सैनिकाला वाटेतच अटकेत ठेवण्यात आले होते.

व्हर्जिनियाच्या जवळ पोहोचल्यावर अंदाजाप्रमाणे जमीन दिसेना. तीन दिवस अधिक गेले तेव्हा 'डिस्कव्हरी'च्या कप्तानाने इंग्लंडला परत फिरण्याची इच्छा व्यक्त केली, असे स्मिथने नोंदवले आहे. त्यानंतर आलेल्या वादळाने जहाजांना किनाऱ्याकडेच ढकलले आणि २६ एप्रिल १६०७ रोजी ताफा चेसापीक उपसागरात शिरला. लंडन सोडल्याला तेव्हा अठरा आठवडे झाले होते. त्याच रात्री कंपनीने दिलेली मोहोरबंद पेटी उघडण्यात आली. वसाहतीच्या सात कारभाऱ्यांची नावे तिच्यात होती. तिन्ही जहाजांचे कप्तान न्यूपोर्ट, गॉस्नोल्ड आणि रॅटक्लिफ, तसेच एडवर्ड मारिया विंगफील्ड, जॉन मार्टिन, जॉर्ज केंडॉल हे त्यांत होतेच; शिवाय अटकेत असलेल्या स्मिथचेही नाव निघाले. विंगफील्ड पहिला अध्यक्ष झाला.

लहान जहाज मागे का ठेवले?

समुद्रावरून स्पॅनिश हल्ला होण्याची भीती इंग्रजांना सतत होती. त्यामुळे पन्नास टनांचे जहाज जाऊ शकेल इतके नदीच्या आत जाऊन ठाणे वसवावे, अशी कंपनीची सूचना होती. त्यानुसार जेम्स नदीत समुद्रापासून सुमारे साठ किलोमीटर आत, १४ मे १६०७ रोजी वसाहतकार उतरले. तेथे काठालगतच पाणी इतके खोल होते की जहाजे थेट झाडांना बांधता येत. संरक्षणासाठी जागा सोयीची असली तरी भोवती दलदल होती आणि नदीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होई.

न्यूपोर्ट २२ जून रोजी दोन मोठी जहाजे घेऊन इंग्लंडला निघाला. ती अधिक काळ थांबवणे कंपनीला परवडणारे नव्हते आणि पुढची कुमकही त्यालाच आणायची होती. किनाऱ्यावर १०४ पुरुष आणि मुले राहिली, आणि नदीत 'डिस्कव्हरी'. भोवतालचा सारा प्रदेश नद्या, खाड्या आणि दलदलींचा होता. प्रत्येक वस्ती कोणत्या ना कोणत्या पाण्याच्या काठी होती. अशा मुलखात रस्त्याचे काम नदीच करते आणि त्या रस्त्यावर भरपूर माल वाहू शकणारे वाहन वसाहतीकडे एकच होते.

न्यूपोर्ट गेल्यानंतर महिन्याभरातच आमांश, ताप आणि उपासमारीने माणसे मरू लागली. २२ ऑगस्ट रोजी गॉस्नोल्ड मरण पावला. पुढच्या जानेवारीत पहिली कुमक पोहोचली तेव्हा १०४ पैकी अवघे ३८ जण हयात होते.

तुरुंग आणि पळवाट

या मरणछायेत कारभाऱ्यांची आपसात भांडणे लागली. १० सप्टेंबर १६०७ रोजी विंगफील्डला पदच्युत करून रॅटक्लिफला अध्यक्ष करण्यात आले. अन्न दडवून ठेवल्यासारखे आरोप झालेल्या विंगफील्डला कैदेत ठेवायचे कोठे, हा प्रश्न होता. कुडाच्या भिंतींच्या त्या वस्तीत मजबूत कोठडी नव्हती. त्यामुळे 'डिस्कव्हरी'च त्याचा तुरुंग बनले.

जहाजाला तुरुंग करण्यात धोका उघड होता, कारण तेच सुटकेचे एकमेव साधनही होते. स्मिथच्या लिखाणानुसार विंगफील्ड आणि केंडॉल यांनी गलबत ताब्यात घेऊन इंग्लंडला जाण्याचा बेत केला. तेव्हा स्मिथने किनाऱ्यावरून तोफा आणि बंदुका रोखून, थांबा नाही तर नदीतच बुडा, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला. विंगफील्डने लिहिलेल्या हकिगतीत घटनांचा रंग वेगळा आहे. स्मिथचे लेखन आत्मप्रौढीचे, तर विंगफील्डचे आत्मसमर्थनाचे. पण गलबत पळवण्याच्या बेतांवरून वसाहतीत रक्त सांडले, याविषयी दुमत नाही.

जेम्स रीड या लोहाराला अध्यक्षावर हात उगारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. फासाजवळ नेल्यावर त्याने केंडॉलच्या कटाची माहिती देऊन आपला जीव वाचवला. केंडॉलला मृत्युदंड सुनावला गेला तेव्हा त्याने, अध्यक्षाचे खरे नाव रॅटक्लिफ नसून सिकलमोर आहे, सबब त्याला शिक्षा सुनावण्याचा अधिकार नाही, असा आक्षेप घेतला. त्यावर मार्टिनने स्वत:च्या नावाने शिक्षा सुनावली आणि केंडॉलला गोळ्या घालण्यात आल्या. इंग्रज वसाहतींच्या इतिहासातील देहदंडाच्या अगदी सुरुवातीच्या प्रकरणांपैकी हे एक मानले जाते.

यानंतरही मोह संपला नाही. डिसेंबरात पाउहाटन लोकांच्या कैदेत सापडलेला स्मिथ जानेवारी १६०८ च्या आरंभी सुटून आला, तेव्हा काही जण पुन्हा गलबत घेऊन निघण्याच्या तयारीत होते. तिसऱ्यांदा तोफा रोखून त्यांना थांबवावे लागले, असे तो लिहितो. त्याच सुमारास न्यूपोर्ट पहिली कुमक घेऊन पोहोचला. गलबत आधीच गेले असते तर त्याला नदीकाठी धान्य आणण्याचे साधन नसलेली मूठभर आजारी माणसेच भेटली असती.

धान्याची फेरी

जेम्सटाऊनचे वसाहतकार स्वत: पिकवलेल्या अन्नावर जगत नव्हते. भोवतालच्या त्सेनाकोमाका या प्रदेशात तीसहून अधिक जमातींचा संघ होता आणि वाहुनसेनाकॉ हा त्याचा प्रमुख होता. इंग्रज त्याला 'पाउहाटन' म्हणत. त्याच्या लोकांनी पिकवलेला मका तांबे, मणी आणि लोखंडी हत्यारांच्या मोबदल्यात मिळवणे, हाच वसाहतीचा मुख्य आधार होता. हा मका नद्यानद्यांतून गोळा करून आणण्याचे काम पिनास आणि त्याच्या सोबतच्या होड्या करीत.

१६०८ च्या फेब्रुवारीत न्यूपोर्ट आणि स्मिथ पाउहाटनच्या राजधानीत, वेरोवोकोमोको येथे गेले. तेथे स्मिथने एक-दोन पौंड निळ्या मण्यांच्या बदल्यात दोन-तीनशे बुशेल मका मिळवल्याचे नोंदवले आहे. डिसेंबर १६०८ च्या अखेरीस तो पुन्हा पिनास आणि होडी घेऊन तेथे गेला तेव्हा वातावरण पालटले होते. तुम्ही व्यापारासाठी आला नसून आमची भूमी बळकावण्यासाठी आला आहात, असा संशय पाउहाटनने बोलून दाखवला. या फेरीत सौदा आणि धाक यांतील सीमा पुसली गेली. स्मिथने पाउहाटनचा भाऊ ओपेचांकानॉ याच्यावर पिस्तूल रोखून मका वसूल केला.

हा संघर्ष केवळ स्वभावांचा नव्हता. व्हर्जिनियातील जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्तुळांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १६०६ ते १६१२ हा काळ त्या भागातील ७७० वर्षांमधील सर्वांत कोरड्या सात वर्षांचा होता, असे त्यातून दिसून आले. म्हणजे इंग्रज ज्यांच्याकडे धान्य मागत होते, त्यांच्याच कणग्या रिकाम्या होत चालल्या होत्या. पिनास नदीच्या वळणावर दिसणे याचा अर्थ वसाहतकारांसाठी अन्न असा होता, तर काठावरच्या गावांसाठी तो हळूहळू धाडीचा इशारा ठरू लागला. १६०९ च्या अखेरीस धान्यासाठी गेलेला रॅटक्लिफ आणि त्याचे बरेच साथीदार पाउहाटनच्या लोकांकडून मारले गेले.

आणखी तीन लहान जहाजे

'डिस्कव्हरी'ची गोष्ट पुढे ज्या तीन गलबतांशी जोडली गेली, ती तिन्ही इंग्लंडमध्ये बांधलेली नव्हती.

व्हर्जिनिया कंपनीच्या प्लिमथ शाखेने ऑगस्ट १६०७ मध्ये आजच्या मेन राज्यात केनेबेक नदीच्या मुखाशी पॉपहॅम वसाहत सुरू केली. तेथे डिग्बी नावाच्या लंडनच्या जहाजबांधणी कारागिराच्या देखरेखीखाली सुमारे तीस टनांची 'व्हर्जिनिया' ही पिनास तयार झाली. इंग्रजांनी उत्तर अमेरिकेत बांधलेले आणि अटलांटिक ओलांडणारे हे पहिले जहाज मानले जाते. ती वसाहत वर्षभरातच गुंडाळली गेली आणि परतणाऱ्यांपैकी काही जण याच जहाजातून इंग्लंडला गेले. १६०९ मध्ये 'व्हर्जिनिया' जेम्सटाऊनकडे निघालेल्या नऊ जहाजांच्या मोठ्या ताफ्यात सामील झाली.

सुमारे पाचशे माणसांना घेऊन निघालेला हा ताफा जुलै १६०९ मध्ये चक्रीवादळात सापडला. 'सी व्हेंचर' हे प्रमुख जहाज २८ जुलै रोजी बर्म्युडाच्या खडकांवर अडकले. त्याच्या मागे बांधलेले छोटे जहाज सोडून द्यावे लागले होते. त्याचा पुढे पत्ता लागला नाही. 'सी व्हेंचर'वरील सुमारे दीडशे माणसे मात्र सर्वच्या सर्व बचावली. नवे गव्हर्नर सर थॉमस गेट्स, सर जॉर्ज सोमर्स आणि खुद्द न्यूपोर्ट हे त्यांच्यात होते. मदतीसाठी व्हर्जिनियाकडे धाडलेली होडीही परतली नाही. अखेर फुटलेल्या जहाजाचे लाकूड आणि बेटावरील देवदार वापरून दहा महिन्यांत दोन गलबते बांधण्यात आली. त्यांतील 'डिलिव्हरन्स' सुमारे ऐंशी टनांचे, तर 'पेशन्स' तीस टनांचे होते. लोखंडाची टंचाई एवढी होती की 'पेशन्स'च्या बांधणीत ते जवळपास वापरलेच गेले नाही. १० मे १६१० रोजी दोन्ही गलबते बर्म्युडाहून निघाली आणि २३ मे रोजी जेम्सटाऊनला पोहोचली.

उपासमारीचा हिवाळा

तेथील दृश्य भयंकर होते. जखमी स्मिथ १६०९ च्या शरद ऋतूत इंग्लंडला परतला होता. पाउहाटनने जेम्सटाऊनची नाकेबंदी केली होती. 'उपासमारीचा काळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या हिवाळ्यानंतर, शेकडो वसाहतकारांपैकी जेम्सटाऊनमध्ये साठच्या आसपास माणसे जिवंत होती. घोडे, कुत्री, उंदीर, साप आणि पादत्राणांचे कातडे खाऊन झाल्यावर काहींनी मृतदेह खाल्ले, असे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज पर्सीने लिहून ठेवले आहे. ही अतिशयोक्ती असावी असे अनेकांना वाटे. मात्र १९९४ पासून तेथे सुरू असलेल्या उत्खननात २०१२ मध्ये सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. तिच्यावरील शस्त्राच्या खुणांनी पर्सीच्या कथनाला पुष्टी दिली. हे संशोधन २०१३ मध्ये जाहीर झाले.

त्याच हिवाळ्यात लहान जहाजाचा मोह पुन्हा जिंकला. पर्सीने फ्रान्सिस वेस्टला दुसऱ्या एका पिनासमधून पोटोमॅक भागात धान्य आणण्यासाठी पाठवले होते. वेस्टच्या माणसांनी तेथील लोकांवर अत्याचार करून गलबत मक्याने भरले. परतताना जेम्सटाऊनमधील दुर्दशेची वार्ता कळल्यावर त्यांनी तिकडे जाण्याऐवजी थेट इंग्लंडकडे शिडे वळवली. १६०७ मध्ये 'डिस्कव्हरी'बाबत तोफा रोखून जे टाळले गेले, ते १६१० च्या सुमारास असे घडले आणि त्याची किंमत तटबंदीत अडकलेल्यांनी मोजली.

७ जून १६१०

गेट्सने शिल्लक अन्नाचा हिशेब केला. दिवसाला प्रत्येकी दोन पोळ्या म्हटले तरी ते सुमारे सोळा दिवस पुरणार होते. वसाहत सोडून न्यूफाउंडलंडला जायचे आणि तेथील इंग्रज मासेमारी जहाजांच्या आश्रयाने मायदेश गाठायचा, असे ठरले. तोफा कोटाच्या दारासमोर पुरण्यात आल्या. चिडलेल्या माणसांना वस्तीला आग लावून द्यायची होती. ती लागू नये म्हणून गेट्स स्वत: अखेरपर्यंत किनाऱ्यावर थांबला. ७ जून रोजी 'डिस्कव्हरी', 'व्हर्जिनिया', 'डिलिव्हरन्स' आणि 'पेशन्स' या चार लहान जहाजांत साऱ्या वसाहतीला बसवून ताफा नदीतून खाली निघाला. तीन वर्षे ज्या गलबताने जेम्सटाऊनला तगवले होते, तेच आता त्याला रिकामे करून चालले होते.

दुसऱ्या दिवशी, मलबेरी बेटाजवळ, समोरून एक होडी येताना दिसली. नवे गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉर तीन जहाजे, दीडशे माणसे आणि धान्यसाठा घेऊन नदीच्या मुखाशी पोहोचले होते आणि त्यांनीच निरोप धाडला होता. चारही गलबते उलटी फिरली. १० जून रोजी डी ला वॉर जेम्सटाऊनच्या किनाऱ्यावर उतरले. ही चार गलबते काही दिवस आधी निघाली असती, तर डी ला वॉर यांना ओसाड कोट सापडला असता आणि रोआनोकप्रमाणे हा मुलूखही इंग्रजांनी कदाचित सोडला असता.

पुढचे परिणाम

परत फिरलेल्या माणसांत जॉन रॉल्फ हा बर्म्युडाहून आलेला वसाहतकार होता. त्याने केलेल्या तंबाखूच्या लागवडीमुळे १६१४ पासून वसाहतीला निर्यातीचे पीक मिळाले आणि कंपनीला जे सोने सापडले नव्हते त्याची जागा तंबाखूने घेतली. तंबाखूला जमीन लागे. ती पाउहाटन लोकांकडून हिसकावली गेली. तिला मजूरही लागत. १६१९ च्या ऑगस्टमध्ये वीसच्या आसपास आफ्रिकी बंदिवानांना व्हर्जिनियात आणून विकण्यात आले. २२ मार्च १६२२ रोजी ओपेचांकानॉच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावात ३४७ वसाहतकार मारले गेले आणि त्यानंतरच्या सूडाच्या मोहिमांनी नद्याकाठची गावे उद्ध्वस्त झाली. १६२४ मध्ये कंपनीची सनद रद्द होऊन व्हर्जिनिया थेट राजाच्या अमलाखाली आले.

जेम्सटाऊनच्या काही माणसांचा शेवट पूर्वेकडे झाला. न्यूपोर्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत गेला आणि १६१७ मध्ये जावा बेटावरील बांतेन येथे मरण पावला. व्हर्जिनियात कडक लष्करी कायदे राबवणारे सर थॉमस डेल हेही नंतर त्याच कंपनीच्या ताफ्याचे प्रमुख झाले. त्यांचा मृत्यू १६१९ मध्ये आजच्या आंध्र प्रदेशातील मच्छलीपट्टणम येथे झाला.

नावाचा घोटाळा आणि आजच्या प्रतिकृती

'डिस्कव्हरी' या नावाने एक गैरसमजही रूढ आहे. हेन्री हडसन १६१० मध्ये ज्या जहाजातून उत्तरेकडील जलमार्ग शोधण्यास गेला आणि १६११ मध्ये बंडखोर खलाशांनी ज्यातून त्याला होडीत उतरवून सोडून दिले, त्याचेही नाव 'डिस्कव्हरी'च होते. अनेक ठिकाणी ही दोन्ही जहाजे एकच मानली जातात. परंतु हडसनचे जहाज ५५ टनांचे नोंदले आहे, तर जेम्सटाऊनचे २० टनांचे. शिवाय हडसन १६१० च्या एप्रिलमध्ये लंडनहून निघाला, तर जेम्सटाऊनची 'डिस्कव्हरी' त्याच वर्षीच्या जूनमध्ये जेम्स नदीत होती. केवळ नाव सारखे असल्याने ही दोन जहाजे एक ठरत नाहीत.

जेम्सटाऊनच्या तिन्ही जहाजांचे मूळ आराखडे उपलब्ध नाहीत. १९५७ मध्ये वसाहतीच्या ३५० व्या वर्षानिमित्त त्यांच्या प्रतिकृती प्रथम बांधल्या गेल्या, त्या नोंदलेल्या टनांवरून आणि त्या काळच्या जहाजबांधणीच्या नियमांवरून. ४०० व्या वर्षासाठी 'गॉडस्पीड' आणि 'डिस्कव्हरी' यांच्या नव्या प्रतिकृती तयार करण्यात आल्या. २००० मध्ये निघालेल्या व्हर्जिनियाच्या पाव डॉलरच्या नाण्यावरही ही तीन जहाजे आहेत. पॉपहॅमच्या 'व्हर्जिनिया'ची प्रतिकृती मेनमधील बाथ येथे २०२२ च्या जूनमध्ये पाण्यात उतरवण्यात आली.

ज्यांच्या मक्यावर ही वसाहत तगली, त्यांचे वंशजही त्याच नद्यांच्या काठी आहेत. पामंकी जमातीला अमेरिकेच्या संघराज्य सरकारची अधिकृत मान्यता २०१६ मध्ये आणि व्हर्जिनियातील आणखी सहा जमातींना २०१८ मध्ये मिळाली. 'डिस्कव्हरी' धान्यासाठी त्यांच्या पूर्वजांच्या किनाऱ्याला लागले, त्याला तेव्हा चारशे दहा वर्षे झाली होती.